राफ्टिंगला निघण्याआधी पाण्याची चौकशी

नागपूरकरांची सहल बहुधा शाळेच्या सुट्टीवर ठरते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की हिमालय, दिवाळीनंतर कोकण, नाताळात ताडोबा किंवा पेंच. राफ्टिंगची सहल अशी ठरवता येत नाही. तिथे पहिला प्रश्न पाण्याचा असतो. कोणत्या नदीला, कोणत्या महिन्यात, किती पाणी असतं आणि ते येतं कुठून? याचं उत्तर मिळालं की तिकिटं, मुक्काम, सोबतीला कोण, हे सगळं त्यामागून ठरतं. क्रम उलटा केला तर ऐन दिवशी नदीत पाणीच नसतं, नाहीतर नको तितकं असतं. पहिल्या वेळी पैसे वाया जातात. दुसऱ्या वेळी जिवावर बेतू शकतं.

आपल्या देशात ज्या नद्यांवर राफ्टिंग चालतं, त्यांचं पाणी तीन वाटांनी येतं. गंगा, बियास, झांस्कर यांना वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळतं, म्हणून भर उन्हाळ्यातही त्या भरून वाहतात. पावसाळ्यात मात्र गंगा आणि बियास इतक्या फुगतात की तिथलं राफ्टिंग सरकारी आदेशाने बंद ठेवलं जातं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादईवर राफ्ट चालतात, त्या पावसाच्या पाण्यावर. जून ते सप्टेंबर एवढाच तिचा हंगाम. तिसरी वाट धरणाची. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका आणि कर्नाटकात दांडेलीजवळची काळी नदी वीज प्रकल्पांतून सुटणाऱ्या पाण्यावर वर्षातला बराच काळ वाहत्या राहतात. तुमच्या सुट्टीचा महिना या तीन वाटांशी ताडून पाहिला की निम्मी निवड झालेली असते.

मग आपल्या विदर्भातल्या नद्या का नाहीत, हा प्रश्न मनात येतो, आणि तो यायलाच हवा. वैनगंगा, पेंच, कन्हान, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती अशा नद्या असताना आपण हजार किलोमीटर दूर का जावं? याचं उत्तर नीट समजून घेतलं तर राफ्टिंगला नदीत नेमकं काय लागतं तेही कळतं. राफ्ट चालायला नुसतं पाणी पुरत नाही. नदीला उतार हवा, पात्र दगडी आणि अरुंद हवं, आणि पाणी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने यायला हवं. आपल्या मोठ्या नद्या रुंद, वाळूच्या पात्रातून संथ उताराने वाहतात. पावसाळ्यात त्यांना पूर येतो आणि डिसेंबरनंतर बहुतेकींच्या पात्रात बारीक धार उरते.

पेंचचंच पाहा. छिंदवाडा जिल्ह्यातून येते, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून वाहते आणि पुढे कन्हानला मिळते. देखणेपणात ती कोणत्याही पहाडी नदीला हार जाणार नाही. पण तिचं पाणी तोतलाडोह आणि नवेगाव खैरीला अडवलेलं आहे, आणि ते नागपूरला प्यायला आणि शेतीला लागतं. वर छिंदवाड्यात चौराई धरण झालं, २०१९ साली पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं आणि त्या जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी आलं. अशा नदीतून राफ्टसाठी पाणी सोडा, असं कोणीही म्हणू नये. शिवाय जलाशयात मगरी आहेत आणि व्याघ्र प्रकल्पाचे नियम आहेत.

वैनगंगेची अडचण वेगळी. तिचा उगम मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला. तिच्यावर तिथे संजय सरोवर आहे आणि खाली भंडारा जिल्ह्यात ३३ दरवाजांचं गोसेखुर्द. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाऊस पडला मध्य प्रदेशात आणि पूर आला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत. काठावरच्या माणसाला आभाळाकडे पाहून नदीचा अंदाज येत नाही, ही वैनगंगेची खरी गोष्ट आहे.

आणखी एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आपल्या लहान नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून गुळगुळीत, एकसारखी धार पडते आणि वरून ती अगदी निरुपद्रवी दिसते. पण धार जिथे पडते तिथलं पाणी रवीने ताक घुसळावं तसं उलटं फिरत राहतं. पृष्ठभागावरचं पाणी परत बंधाऱ्याकडे ओढतं, तळातलं पुढे ढकलतं. त्यात सापडलेला माणूस, होडी, लाकडाचा ओंडका, सगळं तिथल्या तिथे गरगरत राहतं. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटही पुरेसं तोलत नाही. जगभरच्या राफ्टिंग गाइडांना मोठ्या खळाळापेक्षा अशा बुटक्या बंधाऱ्याची जास्त भीती वाटते. त्यात वाळूउपशामुळे पात्रात पडलेले खड्डे. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याच्या पायाखालचा तळ एकाएकी जातो.

जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ तरुण बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव बुडून ११ जण गेले. दोन्ही ठिकाणी नदी किंवा तलाव अनोळखी नव्हता. म्हणून ठामपणे सांगतो: ट्रॅक्टरची ट्यूब, रिकामे ड्रम किंवा ऑनलाइन मागवलेली हवेची होडी घेऊन विदर्भातल्या कोणत्याही नदीत स्वतःच्या भरवशावर उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच.

जंगलातली नदी पाहायची हौस असेल तर तिच्यासाठी राफ्ट लागतही नाही. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला कोलितमारा इथे वनविभागाच्या व्यवस्थेत नौकाविहार होतो. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मढईला देनवा नदीच्या फुगवट्यावर कॅनोतून फिरता येतं, आवाज न करता, पाणपक्ष्यांच्या अगदी जवळून. सिरोंचा तालुक्यातला सोमनूरचा संगम, जिथे इंद्रावती गोदावरीला मिळते, तो काठावर उभं राहून पाहण्याचाच आहे. घरात सत्तरीचे आजोबा आणि सहा वर्षांची नात एकत्र जाणार असतील तर मी राफ्टिंगपेक्षा हेच सुचवीन.

आता प्रत्यक्ष राफ्टिंगकडे. त्याआधी श्रेणी समजून घ्या, कारण जाहिरातीतल्या फोटोंवरून काही कळत नाही. वाहत्या पाण्याची अवघडता जगभर १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. पहिली म्हणजे जवळजवळ सपाट वाहतं पाणी. दुसरीत लहान लाटा आणि सरळ वाट. तिसरीत लाटा अंगावर येतात, राफ्ट वळवावी लागते, एखादा जण पाण्यात पडू शकतो. चौथीत ताकद आणि अचूकपणा दोन्ही लागतात आणि पडलेल्याला बाहेर काढणं सोपं नसतं. पाचवी फक्त मुरलेल्यांसाठी. सहावी बहुतेक वेळा न जाण्यासाठीच असते. पहिल्या सहलीला दुसरी-तिसरी श्रेणी भरपूर झाली. श्रेणी नदीला कायमची चिकटलेली नसते, हेही ध्यानात ठेवा. मार्चमध्ये तिसऱ्या श्रेणीचा असलेला रॅपिड, म्हणजे खळाळ, जूनमध्ये पाणी वाढल्यावर चौथ्यात जातो, आणि काही रॅपिड पाण्याखाली पार बुडूनही जातात. म्हणून ‘श्रेणी कोणती’ एवढ्यावर थांबू नका, ‘आम्ही येऊ त्या आठवड्यात कोणती’ असं विचारा.

महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटलं की कोलाडची कुंडलिका. मुळशीच्या जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने भिऱ्याच्या वीज केंद्रात उतरतं, तिथे वीज होते आणि मग ते कुंडलिकेत सोडलं जातं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. धरण झालं, गावं बुडाली. राफ्टमध्ये बसताना मुलांना ही हकिगत जरूर सांगा. आपण ज्या पाण्यावर मजा करायला आलो आहोत त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे, हे त्यांना कळलं पाहिजे.

कुंडलिकेवरचा टप्पा साधारण बारा किलोमीटरचा, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा. पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटतं, बहुधा सकाळी. त्यामुळे राफ्टिंगही सकाळीच होतं आणि उशिरा पोचणाऱ्यासाठी नदी थांबत नाही. आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करा, हा सल्ला नागपूरहून येणाऱ्याने तर मोडूच नये. वीज केंद्र एखाद्या दिवशी बंद असेल तर पाणीच येत नाही. आरक्षण करतानाच विचारा, की पाणी सुटलं नाही तर पैसे परत मिळतील की दुसरा दिवस मिळेल. उत्तर तोंडी न घेता संदेशात लिहून मागा.

नागपूरहून कोलाडला जायचं कसं? जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर वापरता येतो. आमणेपासून पनवेल, पेण करत कोलाड अजून शंभरावर किलोमीटर आहे. हे अंतर एका दमात, रात्री गाडी चालवून तोडायचं आणि सकाळी राफ्टमध्ये बसायचं, असा बेत मी कितीदा तरी ऐकला आहे. तो करू नका. सरळ, एकसुरी रस्त्यावर झोप कशी डोळ्यांवर येते हे समृद्धीवरून रात्री गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नाशिकला किंवा पनवेलला मुक्काम करा. रेल्वेने जाणार असाल तर विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला उतरून पुढे गाडी करणं सोयीचं पडतं. पुण्याला कोणी नातेवाईक असतील तर ताम्हिणी घाटातूनही कोलाड गाठता येतं. पावसाळ्यात मात्र या घाटात दरडी कोसळतात, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या.

कोणता महिना? पावसाळ्यात कुंडलिका सर्वांत सुंदर दिसते, डोंगरावरून धबधबे उतरतात, हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. पण रायगडचा पाऊस म्हणजे आपल्याकडचा पाऊस नव्हे. जुलै २०२१ मध्ये महाडला आलेला पूर सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबर मला सर्वांत चांगला वाटतो. मुख्य पाऊस ओसरलेला, हिरवळ तशीच, आणि गर्दीही कमी. दिवाळीची सुट्टीही चालते. हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर सहल पुढे ढकला, मग आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल.

पूर्णपणे नवख्यांसाठी, आणि नागपूरकरांना प्रवासाच्या दृष्टीने सोपी, अशी एक नदी आपल्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे ओरछ्याची बेतवा. नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या ग्रँड ट्रंक, दक्षिण अशा गाड्या झाशीला थांबतात आणि तिथून ओरछा अर्ध्या तासावर. नदीत मोठमोठे खडक, काठावर बुंदेल्या राजांच्या छत्र्या, पलीकडे अभयारण्याचं जंगल. राफ्टिंगचा टप्पा लहान आणि सौम्य आहे, थरार शोधणाऱ्याची निराशा होईल. पण वल्हं कसं धरायचं, हुकूम कसे पाळायचे, राफ्ट वळते कशी, हे शिकायला याहून चांगली जागा जवळ नाही. हिवाळ्यात जा. रामराजा मंदिर, किल्ला, रात्री थंडी, असे दोन दिवस सुरेख जातात. वरच्या अंगाला माताटीला धरण असल्याने पाण्याची पातळी इथेही विचारूनच घ्यावी लागते.

ऋषिकेशला सगळेच जातात, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडक्यात. ब्रह्मपुरीचा टप्पा सुमारे ९ किलोमीटरचा आणि सोपा, शिवपुरीचा सुमारे १६, मरीन ड्राइव्हचा सुमारे २५ आणि कौडियालाचा सुमारे ३६ किलोमीटरचा, ज्यात ‘द वॉल’ हा खराखुरा मोठा रॅपिड येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने शिवपुरीच्या वर जाऊ नये. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आपल्याकडची कुटुंबं जूनमध्येही ऋषिकेशला निघतात. तो महिना टाळा. बर्फ वितळून पाणी चढलेलं आणि गढूळ असतं, चारधामच्या यात्रेची गर्दी असते, हरिद्वारपासून गाड्यांची रांग लागते. परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्ये गेलात तर पाणी, हवा आणि भाडं, तिन्ही बाजूंनी फायदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गंगा निळीहिरवी आणि स्वच्छ असते. एप्रिलच्या उन्हातही ते पाणी बर्फाचं आहे, त्यात पडल्यावर श्वास एकदम अडकतो. दमेकऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

२०१८ च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत राज्यातलं राफ्टिंग थांबवलं होतं. त्याआधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने गंगेच्या वाळूवरच्या तंबूंना आवर घातला होता. आजही कोणी ‘अगदी पाण्याला लागून तंबू’ देऊ करत असेल तर तो नियमात बसतो का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

झांस्कर, किंवा अरुणाचलातली सियांग या कित्येक दिवसांच्या, वाळूवर मुक्काम करत जायच्या नद्या आहेत. झांस्करचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, सियांगचा हिवाळ्यात. दोन-तीन सोप्या नद्या झाल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नका. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिथे २ ऑक्टोबर १९६८ रोजी वन्य आणि निसर्गरम्य नद्या जपण्याचा कायदा झाला. अशा नद्यांपैकी काहींवर, उदाहरणार्थ आयडाहोतल्या सॅमन नदीच्या मिडल फोर्कवर, स्वतःची राफ्ट घेऊन जायचं तर सोडतीतून परवाना काढावा लागतो आणि अर्ज डिसेंबर-जानेवारीतच भरायचे असतात. उन्हाळ्यात मुलाकडे जायचं असेल तर त्याला दिवाळीतच सांगा. पाहुण्यासारखं जाणाऱ्यांनी परवानाधारक कंपनीबरोबर जाणंच बरं. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. एखादी नदी अडवायची नाही, उपसायची नाही, तशीच वाहू द्यायची, हे कागदावर लिहून ठेवणारा देश नदीकडे निराळ्या नजरेने पाहतो.

नदी ठरली, आता आयोजक. इथे संकोच करू नका. महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने साहसी पर्यटनाचं धोरण लागू केलं आणि जमीन, हवा व पाण्यावरच्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. कोलाडच्या आयोजकाला नोंदणी क्रमांक विचारा. संचालनालयाचं कार्यालय नागपुरातही आहे, तिथून खातरजमा करता येते. नोंदणीनंतर गाइडबद्दल विचारा. प्रथमोपचार आणि बचावाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, ही नदी किती हंगाम चालवली. बऱ्याच चांगल्या गाइडांकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग महासंघाचं प्रमाणपत्र असतं. पुढचा प्रश्न सोबतच्या कयाकचा. राफ्टच्या पुढे-मागे एक कुशल माणूस छोट्या कयाकमध्ये असतो, पडलेल्याला तोच आधी गाठतो. एकटी राफ्ट, सोबत दुसरी राफ्ट नाही, कयाकही नाही, अशा आयोजकाकडे तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यात जाऊ नका, भाडं कितीही कमी असो. जवळचं रुग्णालय कोणतं, तिथवर न्यायला गाडी काठावर उभी असते का, हेही विचारा. कोलाडच्या जवळ माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. एवढं विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पैसे भरण्याचं कारण उरत नाही.

आयोजक एका कागदावर सही घेतात, की जबाबदारी तुमची. वाचून सही करा, पण तेवढ्याने त्यांची जबाबदारी संपते असं समजू नका. घरचा आरोग्य विमा असेल तर साहसी खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, तेही पाहून ठेवा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

कोणी जाऊ नये? गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, फिट येणारे, पाठीच्या मणक्याचं दुखणं असलेले आणि खांदा निखळण्याची सवय असलेले. मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून सौम्य टप्प्यावर जाता येतं, पण गाइडला आधी सांगा. मुलांच्या बाबतीत चौदा वर्षांची अट बहुतेक आयोजक पाळतात. मूल धीट आहे, पोहतं, म्हणून वय वाढवून सांगणारे आईवडील असतात. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की मोठ्या मापाचं लाइफ जॅकेट लहान छातीवर टिकेल का? पोहता येणं सक्तीचं नसतं, तरी महिनाभर आधी जवळच्या जलतरण तलावात जाऊन नाकातोंडात पाणी जाण्याची भीती मोडून या. सगळी घबराट तिथूनच सुरू होते.

कपडे नायलॉनचे, अंगाला बसणारे. जीन्स, साडी, ओढणी, पायजम्याच्या लोंबणाऱ्या नाड्या नकोत. मंगळसूत्र, अंगठ्या, कर्णफुलं खोलीवर कुलपात. चष्म्याला दोरी. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट, चपला नाहीत. निघताना हलका नाश्ता करा, पोटभर तर्री-पोहे खाऊन बसू नका. दारू आदल्या रात्रीही नको. फोन काठावर ठेवा, फोटो काढायला आयोजकाचा माणूस असतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्यांपाशी धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, बदलून घ्या. हेल्मेटचा पट्टाही तसाच तपासा. गाइड सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं सूचना देतो. त्या वेळी मागे बसून गप्पा मारणारे गट मी पाहिले आहेत, आणि फार वाईट वाटतं. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ एवढे चारच हुकूम, पण ते सगळ्यांनी एका वेळी पाळले तरच राफ्ट वळते. वल्ह्याच्या वरच्या आडव्या मुठीवर हात कायम ठेवा. ती मूठ सुटली की शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

पडलात तर? पहिल्यांदा राफ्टच्या कडेची दोरी शोधा, ती हाताशी असेल तर सोडू नका. लांब गेलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर. दगड आला तर पायाने ढकलता येतो, डोकं वाचतं. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच करू नका. दोन दगडांत पाऊल अडकलं की प्रवाह माणसाला तोंडावर आडवा करतो, आणि कमरेइतक्या पाण्यातही माणसं अशी गेली आहेत. उभं राहायचं ते संथ, गुडघ्याच्या खालच्या पाण्यातच. श्वास लाट उतरल्यावर घ्या, लाट तोंडावर असताना नाही. राफ्टच्या खाली गेलात तर हातांनी तिचा तळ ढकलत एकाच दिशेने सरका, बाहेर याल. काठावरून दोरी फेकली तर दोरीच धरा, मनगटाला गुंडाळू नका, आणि पाठीवर झोपून ती खांद्यावरून घ्या. एक अपवाद: प्रवाहात आडवं पडलेलं झाड समोर आलं तर पालथे व्हा, त्याच्याकडे पोहत जा आणि अंग वर उचलून त्यावर चढा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

नदीवर कुरकुऱ्यांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, साबण, निर्माल्य काही सोडू नका. नाग नदीचं आपण काय करून ठेवलं ते रोज डोळ्यांसमोर आहे, दुसऱ्याच्या नदीवर तरी तसं वागू नये. कोलाडला राफ्ट चालवणारी बरीच मुलं आसपासच्या गावांतलीच आहेत. त्यांच्याशी बोला, नदीबद्दल विचारा. पावसाळ्यात कुंडलिका कुठवर चढते हे ती हाताने दाखवतात.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी हिवाळ्यात बेतवा, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात कुंडलिका आणि मग एप्रिलमध्ये गंगा. घाई असेल तर थेट कुंडलिका चालेल. आणि एवढ्या लांबून, रजा काढून, मुलांना घेऊन तुम्ही काठावर पोचलात आणि आयोजक म्हणाला, ‘आज पाणी जास्त आहे, राफ्ट उतरवणार नाही’, तर त्याच्याशी भांडू नका, शेजारच्या दुसऱ्या आयोजकाकडे तर मुळीच जाऊ नका. पुढच्या वेळी त्याच माणसाकडे या, आणि त्याचा नंबर ओळखीच्यांनाही द्या.